आकाशातला बाण व घरातला कागद

पौषात सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावर एका रात्री शोभेचे दारूकाम होते. सोलापूरच्या माणसास हे सांगावयास नको. बाहेरच्या वाचकांस इतके सांगितले म्हणजे पुरे की, त्या रात्री निम्मे शहर मान वर करून उभे असते. बारा वर्षांपूर्वी अशाच एका रात्री आमच्या पुतणीचा मुलगा आमच्या खांद्यावर बसला होता. वय पाच-सहा वर्षांचे. एक बाण सरसरत वर गेला, फुटला, आणि त्याच्या हिरव्या-तांबड्या ठिणग्या खाली ओघळू लागल्या. पोराने आमचे केस घट्ट धरले व विचारले, "आजोबा, तिथे पक्षी असला तर?"

आम्ही म्हटले, "रात्री पक्षी झोपलेले असतात."

मूल गप्प बसले व आम्ही सुटलो. परंतु विचारलेल्या गोष्टीचे हे उत्तर नव्हे, हे आमचे आम्हांस तेव्हाही कळले होते. तोच प्रश्न गेल्या मार्गशीर्षात पुन्हा आमच्या दारी आला, आणि या खेपेस सुटका नव्हती.

मुलगा आता अठरा वर्षांचा झाला आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा, तीनंतरच्या मुलाखती, वैद्यकीय तपासणी, सारे पार पडून त्याचे नाव यादीत लागले. आणि त्याने पसंती दिली ती हवाई दलास. प्रवेशाच्या कागदपत्रांत एक कागद पालकांच्या सहीचा असतो. शिक्षण चालू असता मुलास दुखापत झाली तर सरकारपाशी भरपाई मागण्याचा हक्क आपणांस राहणार नाही, हे आपण पुरतेपणी समजलो आहो, असे त्यावर लिहून द्यावयाचे असते. आमचे जावई वारल्यास आठ वर्षे झाली. मुलगा एकुलता. तेव्हा सही करणारी एकटी आमची पुतणीच.

एके दिवशी दुपारी ती तो कागद घेऊन आली व झोपाळ्यावर बसली. चहा तसाच निवत राहिला.

"काका," ती म्हणाली, "या कागदात लिहिले आहे ते मला समजले. मला जे विचारायचे आहे ते यात नाही. आता म्हणे एका माणसाने खांद्यावरून नळकांडे सोडले तरी विमान पडते. मग वैमानिकाने वर जायचे ते कशासाठी? तुम्ही चाळीस वर्षे मुलांना शास्त्र शिकवलेत. मला धीर देऊ नका. खरे काय ते सांगा."

आम्ही चार दिवसांची मुदत मागून घेतली. जुनी पुस्तके काढली, वर्तमानपत्रांची कात्रणे काढली, एक वही घातली, आणि रोज सायंकाळी तिला व मुलाला समोर बसवून थोडे थोडे सांगत गेलो. ते येथे लिहिण्याचे कारण असे की, ज्या घरांतून मुले सैन्यात जातात अशा पुष्कळ घरांत हा प्रश्न मनात असतो आणि तो मोठ्याने विचारण्याचे धैर्य होत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही मूळ तत्त्व सांगितले. जमिनीवरून सुटणारे क्षेपणास्त्र विमानास प्रायः दोन तऱ्हांनी ओळखते. एक, उष्णतेवरून. विमानाच्या मागील बाजूने जो तप्त वायू बाहेर पडतो, त्याचा माग अस्त्राच्या टोकातील डोळा काढीत जातो. दुसरी तऱ्हा रडारची. रेडिओलहर सोडावयाची, ती विमानावर आपटून परत आली म्हणजे तिच्यावरून विमानाचे अंतर व दिशा काढावयाची, आणि अस्त्रास तिकडे वळवावयाचे. वैमानिकही स्वस्थ बसत नाही. उष्णतेच्या डोळ्यास फसविण्याकरिता तो मागे जळते गोळे सोडतो. रडारला फसविण्याकरिता धातूचा पातळ मुलामा दिलेल्या तंतूंचा ढग सोडतो. किंवा अगदी खाली येऊन टेकड्यांच्या आडोशाने जातो, कारण रडारची लहर सरळ जाते व पृथ्वी गोल आहे. मात्र खाली आले की तोफा आणि खांद्यावरची लहान अस्त्रे गाठतात, व वर गेले की मोठी अस्त्रे गाठतात. एकेकाळी लोकांस वाटे की पुरेसे उंच गेले म्हणजे भय संपले. १ मे १९६० रोजी तो समज खोटा ठरला. अमेरिकेचे यू-२ हे टेहळणीचे विमान सुमारे सत्तर हजार फुटांवरून रशियावरून जात असता तेथील क्षेपणास्त्राने ते पाडले.

"म्हणजे अस्त्रच जिंकले," पुतणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला भैय्या चौकापर्यंत फिरावयास नेले. तेथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यांत सोलापूरचे कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे आपल्याकडचे होते. जपानी विमाने तेव्हा चिनी शहरांवर बाँब टाकीत होती, आणि खालच्या माणसापाशी त्यांस थोपविण्याजोगे साधन फार थोडे होते. कोटणीस तिकडेच राहिले व ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिकडेच निवर्तले. आम्ही पुतणीस म्हटले, "विमान पाडणारे अस्त्र तू मुलाच्या बाजूने पाहतेस, म्हणून ते तुला राक्षसासारखे दिसते. ज्याच्या छपरावर बाँब पडतो त्याच्या बाजूने पाहिले तर ती ढाल आहे. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानकडून क्षेपणास्त्रे व चालकाविना उडणारी विमाने आली तेव्हा आपल्या आकाश अस्त्रांनी व जुन्या तोफांनी ती पाडली, म्हणून आपण सर्वांनी समाधान मानलेच ना?" ती काही बोलली नाही, मात्र स्मारकापाशी थोडी अधिक थांबली.

तेथून परतताना होटगी रस्त्यावरील विमानतळाचा विषय निघाला, आणि आम्हांस एक चांगला दाखला सापडला. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते, असा वाद आपल्या गावात कित्येक वर्षे चालला. अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली, व २०२५ च्या जूनमध्ये येथून गोव्यास विमान जाऊ लागले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती, हा येथे प्रश्न नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, त्या चिमणीने कधी एकही विमान पाडले नाही. ती नुसती उभी होती. क्षेपणास्त्राचे मोठे काम बहुतेक असेच असते. ते लागते थोड्यांना. परंतु ते आहे एवढ्या जाणिवेनेच शेकडो विमाने दूर राहतात, उंच राहतात, वळसा घालतात. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धात हेच दिसून आले. दोन्ही पक्षांपाशी विमाने आहेत आणि दोन्ही पक्षांपाशी अस्त्रे आहेत. म्हणून परक्या आकाशात मनसोक्त फिरण्याची कोणाची छाती होत नाही, व बाँबही दुरूनच सोडावे लागतात. तेव्हा किती विमाने पडली एवढ्याच हिशेबाने हार-जीत ठरत नाही. विमानास आपले काम सोडून द्यावे लागले की दुसरी रीत शोधून ते पार पाडता आले, हे पाहावे लागते.

तिसऱ्या दिवशी कारगिल. १९९९ च्या त्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख अनिल यशवंत टिपणीस हे होते. लढाई ज्या शिखरांवर होती ती पाच हजार मीटरांच्या आसपासची; टायगर हिलची उंची ५,०६२ मीटर आहे. खांद्यावरून सोडावयाचे स्टिंगर हे अस्त्र सुमारे पंधरा किलो वजनाचे, व साडेतीन किलोमीटरांच्या आसपास उंच जाणारे. सपाटीवर वैमानिक त्याच्या वरून सहज जाऊ शकतो. परंतु ते घेऊन माणूस पाच हजार मीटरांच्या शिखरावर बसला, की त्याचा हात साडेआठ हजार मीटरांपर्यंत पोहोचला. डोंगरानेच शत्रूस उंच केले होते. हेलिकॉप्टरांस तर तितके वर जाताच येत नाही.

२१ मे रोजी टेहळणीस गेलेल्या एका कॅनबेरा विमानास अस्त्र लागले. एका इंजिनावर वैमानिकांनी ते परत आणले. २६ मे रोजी हल्ले सुरू झाले. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडून त्यांस हवाई छत्रीने उतरावे लागले. आपला सोबती कोठे पडला हे पाहण्यासाठी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आपले मिग-२१ घेऊन त्या भागात थांबले, आणि त्यांच्या विमानास क्षेपणास्त्र लागले. ते परत आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी, २८ मे रोजी, तोलोलिंगच्या बाजूस एक मिग-१७ नव्हे, एमआय-१७ जातीचे हेलिकॉप्टर पडले व त्यातील चौघेही गेले. जळते गोळे सोडण्याचे साधन त्या हेलिकॉप्टरवर नव्हते, असे पुढे प्रसिद्ध झाले.

पुतणी म्हणाली, "तीन दिवसांत इतके. मग पुढे?"

पुढे रीत बदलली. हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टरे काढून घेतली. विमाने अस्त्राच्या पल्ल्यावरून उडू लागली. पण इतक्या उंचीवरून टाकलेला बाँब विरळ हवेत सपाटीसारखा पडत नाही, आणि कड्याच्या धारेवर थोडा चुकला तर तो खाली दरीत जातो. म्हणून गणिते नव्याने करावी लागली. मग मिराज विमानांवर लेसरच्या किरणाने लक्ष्यापर्यंत जाणारे बाँब चढविले. १७ जून रोजी मुंथो ढालो येथील शत्रूचा साठ्याचा तळ उद्ध्वस्त झाला, व २४ जून रोजी टायगर हिलवरील ठाण्यावर नेमका प्रहार झाला. २८ मेच्या नंतर त्या युद्धात शत्रूच्या अस्त्राने आपले एकही विमान पाडले नाही. अस्त्रे तीच होती, डोंगर तेच होते.

हा धडा जगात इतरत्रही मिळालेला आहे. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्त व सीरिया यांच्याशी लढताना इस्रायलची सुमारे शंभर विमाने पडली, त्यांत जमिनीवरील अस्त्रांचा व तोफांचा वाटा मोठा होता. नऊ वर्षांनी, ९ जून १९८२ रोजी, त्याच हवाई दलाने लेबनॉनच्या बेका खोऱ्यातील सीरियाची बहुतेक क्षेपणास्त्र-ठाणी एका दिवसात नष्ट केली. आपल्या २०२५ च्या संघर्षातही आरंभी आपली काही विमाने गेली, हे संरक्षण दलप्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापूर येथे मान्य केले; चूक समजून घेऊन, ती दुरुस्त करून दोन दिवसांनी विमाने पुन्हा उडविली, असेही त्यांनी सांगितले. यंत्राशी यंत्र झगडते हे वरवरचे दृश्य. खरी झटापट शिकण्याची आहे. आणि त्या शाळेची फी पहिल्याने वर गेलेला भरतो.

हे शेवटचे वाक्य आम्ही उच्चारले मात्र, आणि मुलाच्या आईकडे पाहण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही.

चौथ्या दिवशी वही मिटण्याची वेळ आली. आम्ही म्हटले, हे संकट काही नवे नाही. १९७१ च्या युद्धात तोफांच्या माऱ्याने आपले दोन मराठी वैमानिक पाच दिवसांच्या अंतराने पाडले गेले. दोघेही सुखोई-७ चे. १० डिसेंबर रोजी पडलेले दिलीप पारुळकर कैद झाले, १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या बंदिवासातून दोन सोबत्यांसह निसटले, सरहद्दीच्या जवळ पकडले गेले, आणि अखेर घरी आले. ५ डिसेंबर रोजी पडलेले विजय तांबे यांचे नाव बेपत्ता सैनिकांच्या यादीत राहिले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, अर्जुन पुरस्कार मिळविलेल्या बॅडमिंटनपटू, यांनी पुढील कित्येक दशके त्यांचा शोध चालविला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सही करणाराने दोन्ही जाणून सही करावी.

इतके सांगून आम्ही वही बाजूस ठेवली. आम्हांस वाटले, आपण काही लपविले नाही.

पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, नाशिकचे तुम्ही सांगितले नाहीत."

आम्ही खाली पाहिले. ते पान वहीत होते. आम्ही ते वाचून दाखविले नव्हते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मिरात बडगाम येथे आपले एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. त्यात हवाई दलाचे सहा जण गेले व खाली एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. शत्रूचा हल्ला परतविण्याची ती सकाळ होती, आणि हेलिकॉप्टरास लागलेले क्षेपणास्त्र आपलेच होते. हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात ही आपली मोठी चूक झाल्याचे जाहीरपणे मान्य केले.

"मी तेव्हाच सारे वाचले होते," ती म्हणाली. "शत्रूच्या बाणाचे मला समजते. तो त्याचे काम करतो. आपला बाण आपल्यालाच लागला, याचे काय सांगाल?"

मग आम्ही ते पान वाचले. त्याखाली आणखी एक टिपण होते, तेही वाचले. १९६० च्या ज्या दिवशी यू-२ पडले म्हणून जगभर गवगवा झाला, त्याच दिवशी, त्याच धांदलीत, रशियाच्या अस्त्राने त्यांचेच एक मिग-१९ पाडले व त्यांचा तरुण वैमानिक सर्गेई सफ्रोनोव्ह मरण पावला. म्हणजे ही चूक त्या अस्त्राच्या पहिल्या गाजलेल्या दिवसापासून त्याच्या सोबत आहे. विमान आपले की परके हे ओळखण्याकरिता विमानावर एक यंत्र असते. खालून सांकेतिक लहर गेली की ते ठराविक उत्तर देते. पण ते यंत्र चालू असावे लागते, खालच्या ठाण्याला वरच्याची वर्दी असावी लागते, आणि निर्णय घेणाऱ्यापाशी अर्धे मिनिट असले तरी त्याने ते विचारण्यात घालवावे लागते. घाबरलेल्या माणसाच्या हातून यांतले एखादे राहून जाते. "याच्यावर माझ्यापाशी उपाय नाही," आम्ही म्हटले. "तुझ्या मुलाला हे होणार नाही, असे मी सांगू शकत नाही. ते पान मी गाळले, कारण मला तुझ्याकडे पाहून ते वाचवेना."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगाच म्हणाला, "आजोबा, मी लहान असताना गड्ड्यात तुम्हांला पक्ष्याचे विचारले होते, आठवते?"

आम्हांस आठवत होते.

"तुम्ही म्हणालात, पक्षी झोपलेले असतात. मला ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना घेऊन होम मैदानावर गेलो होतो. सगळे मैदान फिरून पाहिले."

आई चमकून म्हणाली, "हे मला कधी सांगितले नाहीस तू."

"बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस, थंडीत बाहेर पडलो म्हणून रागावेल."

"मग? सापडला का पक्षी?"

"नाही. जळक्या नळ्या होत्या नुसत्या. पण पाहून आलो."

तिने थोड्या वेळाने विचारले, "तुला भीती वाटते का रे?" तो म्हणाला, "वाटते." याहून अधिक तो बोलला नाही व तिनेही विचारले नाही. तिने आमच्या टेबलावरील लेखणी घेतली, कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि सही केली. सही करताना तिचा हात थांबला तो एकदाच, नवऱ्याचे नाव लिहिताना.

वर्षाच्या अखेरीस मुलगा खडकवासल्यास गेला. शेंगाचटणीचे दोन डबे आईने दिले. मग संक्रांत आली. यंदा गड्ड्याच्या दारूकामास पुतणी आपण होऊन आमच्या सोबत आली. गर्दी तशीच, मुले बापांच्या खांद्यांवर तशीच. पहिला बाण वर गेला तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला, पण डोळे मिटले नाहीत. बाण विझेपर्यंत ती पाहत राहिली.

"हा किती उंच जात असेल, काका?" तिने विचारले.

आम्ही मनाशी सेकंद मोजून एक आकडा सांगितला, आणि तो अंदाजाचा आहे हेही सांगितले.